एक टिंब जास्त

व्हिटबीच्या दवाखान्यात, काचेपलीकडे,
हेदर ऑल्डरसन पेन ओठांत धरून थांबली.
मग फॉर्म माझ्याकडे सरकवला,
बोट एका ओळीवर.
वैवाहिक स्थिती : विंडो.

आई खुर्चीत, पर्स मांडीवर,
समोरचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर वाचत.
फॉर्म तिनंच भरला होता, हट्टानं :
शालिनी पळसुले, जन्मतारीख, पेनिसिलिन चालत नाही.

मराठीत लिहिलं तर चूक फक्त टिंबाची.
तिच्या हाताला ती खोड जुनीच.
तिच्या शाळेत अनुस्वार द्यायचे आणि उच्चारायचे नाहीत;
पुढे सरकारनं ते काढून टाकले,
हिच्या बोटांतून गेले नाहीत.
अजून ती ‘नाहीं’ लिहिते, वर टिंब देऊन,
जणू नुसतं नाही पुरेसं नाही.

बाबांना जाऊन अकरा आठवडे.
टिंब आता कुठे द्यायचं, कुठे नाही,
हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

मी तो एन खोडणार होते. खोडला नाही.

दुपारी लायब्ररीत.
जाड कोश, साखळीला बांधलेलं भिंग.
विंडो होड्यांतून आली, इकडच्याच किनाऱ्यांवर,
उत्तरेच्या लोकांच्या तोंडून :
विंदऑगा. वाऱ्याचा डोळा.
छपराला भोक, काच नाही,
धूर बाहेर, वारा आत.
त्याआधी इथले लोक म्हणत डोळ्याचं भोक.
तो शब्द मेला; त्याचं शेपूट तेवढं
इंग्रजी नाकपुडीत अजून वळवळतं, नॉस्ट्रिलमध्ये.
ऑगा म्हणजे आपल्या अक्षीची लांबची बहीण,
विंद हा वाताचा चुलतभाऊ.
आणि आपलं गवाक्ष? बैलाचा डोळा.
भिंत फोडली की माणसाला डोळाच आठवतो,
भांडण एवढंच, की कुणाचा :
गोठ्यातल्याचा की समुद्रावरच्याचा.

विडो काही पानं अलीकडे होती.
तिला कुणी होडीतून आणलं नव्हतं.
वेल्स, रोम, रशिया, गंगेचा काठ,
जावं तिथे ती आधीच उंबऱ्यात बसलेली :
ग्वेदू, विदुआ, व्दोवा, विधवा.
मुळात अर्थ एवढाच, वेगळी पडलेली, रिती.
नवऱ्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही.
आपले पंडित मागाहून आले आणि शब्द उभा चिरला :
वि म्हणजे विना,
मग उरला तो धव, म्हणजे पती असणार.
धव नावाचा नवरा असा
विधवेच्या पोटी जन्माला आला.

संध्याकाळी आईला सांगितलं.
ती बाबांचा मफलर उसवत होती,
लोकर गुडघ्यावर गुंडाळत.
“म्हणजे ह्यांना मीच काढलं, मोडतोड करून,”
म्हणाली, आणि हसली,
हसू कुठे ठेवायचं ते विसरल्यासारखी.
“ऐकलं असतं तर पेपरला पत्र लिहिलं असतं त्यांनी.
दोन पानी.”
मग धागा न तोडता :
“आणि ते दुसरं? मी लिहिलं ते?”
वाऱ्याचा डोळा, म्हटलं.
ती बराच वेळ गुंडाळतच राहिली.
“मग राहू दे तेच.”

हेदरनं कॉम्प्युटरात काय निवडलं
मी विचारलेलं नाही.

आईच्या खोलीची खिडकी नीट बसत नाही.
घरमालक टिंडेल सप्टेंबरपासून येतोय.
आईनं फटीत त्याच मफलरची लोकर कोंबली होती, करडी.
रात्री दोनला शिट्टी ऐकून उठले.
बाबा दाढी करताना वाजवायचे तशी नव्हे,
साधी, खाऱ्या वाऱ्याची.
आई जागी. लोकर हातात. फट मोकळी.
“थंडी वाजेल,” मी म्हटलं.
“वाजू दे की,” ती म्हणाली.